गुळाचं पोतं आणि राखणदार

महेश चौगुले माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर एवढं रामायण घडलंच नसतं. वाईट माणसं दुसरं कुणी उपाशी राहील म्हणून जीव टाकत नाहीत. हा पडला कागलकडचा, घरचं गुऱ्हाळ असलेला. गुऱ्हाळवाल्याच्या दारातून कुणी कोरड्या तोंडानं परत जात नाही, हे त्याच्या हाडीमाशी इतकं खिळलेलं, की टाकीतल्या जिवाणूंनाही त्यानं पाहुण्यांतच धरलं.

गोव्यात कोरगावच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, काजूची झाडं विरळ होत जातात तिथं, सरबतांचा एक कारखाना आहे. कोकम, आंबा, काजूची बोंडं, ज्याचा हंगाम असेल त्याचा रस काढायचा आणि बाटल्या भरायच्या. पिंपं आणि नळ्या धुऊन जे गोडूस-आंबूस पाणी निघतं ते मागच्या अंगाला सांडपाण्याच्या टाकीत येतं, आणि त्या टाकीचा धनी महेश. टाकीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. ते पाण्यातली घाण खातात. त्यांना श्वास मिळावा म्हणून तळातून अष्टौप्रहर हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. मग ते पाणी ओढायचं मेम्ब्रेनमधून. म्हणजे काय, तर शेवयांसारख्या पांढऱ्या पोकळ नळ्यांचे जुडगे टाकीत टांगलेले. नळीच्या अंगावर छिद्रं अशी बारीक, की पाणी आत शिरतं आणि जिवाणू बाहेर राहतात. कारखान्यात सगळे त्यांना शेवयाच म्हणतात. शेवयांतून निघालेलं नितळ पाणी कारखान्याच्या बागेला जातं, उरलेलं खाली ओहोळात.

आणि ओहोळ जातो म्हाताऱ्या गोकुळदासांच्या कुळागरात. पोफळी, माड, केळी, मिरवेली, सगळं त्या एका ओहोळाच्या पाटांवर उभं. त्याच कुळागराच्या कडेला दोन खोल्यांत महेश आणि त्याची बायको वर्षा भाड्यानं राहत होती. त्यामुळे वरून काय सोडलं जातं ते महेशला सकाळी कामावर कळायचं आणि संध्याकाळी घरीही कळायचं. "ओहळात वायट पाणी इला तर मी कारखान्यात येवचंय नाय हां, तुज्याच दारात येतलंय," असं म्हाताऱ्यानं त्याला खोली देतानाच बजावलं होतं. महेशनं गळ्याची शपथ घेतली होती.

तर चवथ आली, म्हणजे गणेशचतुर्थी. गोव्यात चवथीला कोण काम करतो? कारखाना बंद. पद्मावती मॅडम, प्लांटच्या मुख्य, वाळपईच्या, बोलायला कडक पण मनानं सरळ. त्यांनी निघताना महेशला सांगितलं, "बंदच्या दिवसांत टाकीत रोज थोडासा गूळ आणि त्याबरोबर युरिया. वॉचमनला नीट समजावून जा."

समजावून जा म्हणे! महेशचा त्या वॉचमनवर काडीचा विश्वास नव्हता. तो गूळ चहात घालून पिणारा माणूस. त्यात महेशच्या डोक्यात आलं, आपण गावी जाऊन पुरणपोळ्या चापणार आणि ही लेकरं इथं चिमूटभर गुळावर सण काढणार? टाकीतल्या जिवाणूंना तो लेकरंच म्हणायचा. त्यानं घरून आणलेल्या ढेपा एका तागाच्या पोत्यात भरल्या, पोत्याचं तोंड शिवलं आणि दोरीला बांधून टाकीत सोडलं. हळूहळू विरघळेल, रोज ताजा घास मिळेल. आणि युरिया? "शी! सणासुदीला कोण युरिया खातंय व्हय?" असं तो स्वतःशीच म्हणाला आणि निर्धास्तपणे एस्टीत बसला.

परत आला तेव्हा पोतं रिकामं होऊन दोरीला लोंबत होतं. लेकरं जेवली म्हणून त्याला भरून आलं. पोतं वर ओढलं तर ते हातातून निसटलं, इतकं बुळबुळीत. टाकीवर साय धरावी तसा फेस. त्यानं पंप चालू केला आणि पंपावरचा काटा चढायला लागला. शेवयांतून पाणी ओढायला पंपाला किती जोर लागतो ते तो काटा दाखवतो. एरवी तो खालच्या घरात झोपलेला असायचा; आज लाल पट्टीला टेकला. पलीकडच्या नळाला करंगळीएवढी धार आली, मग थेंब, मग तेही नाही.

महेशनं एक जुडगा वर काढून पाहिला. शेवया दिसतच नव्हत्या. सगळ्यावर करडा, चिकट, थलथलीत थर, नळीला नळी चिकटलेली. अशी दशा त्यानं आजवर पाहिली नव्हती.

कारखाना तर सुरू झाला होता. पाणी येतंय, जात नाहीये, आणि टाकी भरत चाललीय. टाकीच्या कडेला, काठाच्या जरा खाली, एक जाड नळ आहे. टाकी ओसंडायला लागली तर त्याची चावी फिरवायची आणि पाणी तसंच ओहोळात. ती चावी आजवर कधी फिरली नव्हती. त्या दिवशी मालकांचा मुंबईहून फोन आला की दिवाळीचा माल अडता कामा नये, चावी फिरवा, दोनचार दिवसांचा तर प्रश्न आहे.

पद्मावती मॅडमनी फोन ठेवला आणि महेशकडे बघितलं. "मी शनिवारपर्यंत थोपवते. माझ्या हातात तेवढंच आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत शेवयांतून पाणी आलं नाही, तर ते चावी फिरवायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील."

महेश त्या चावीकडे एकदा बघून निघाला. घरी आला तर म्हातारा पाटातला गाळ उपसत होता.

"काय रे कोल्लापुरा, तोंड कित्याक पाडलंस? गणपतीन मोदक दिल्यान नाय?"

लपवून ठेवणं महेशला जमलंच नसतं. तो पाटाच्या कडेला बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. शेवया, काटा, चावी, शनिवार. "आबा, कारण काय तेच उमगंना. पर पाणी न्हाई सुटलं तर खाली घाण येणार बघा."

गोकुळदास ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फावडं टेकवलं. "आयतारी गाऱ्हाणा आसा माजा," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं होतं. पेडण्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. वाडीला, ओहोळाला, शीमेला म्हणजे गावाच्या हद्दीला, एक राखणदार असतो. तो कुणाला दिसत नाही, पण राखतो. वर्षातून एकदा त्याला भाकरीसारखा जाड रोट द्यायचा, नारळ ठेवायचा आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं. बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. महेश दर वर्षी त्या घोळक्यात मागे उभा राहायचा, पण ते दोन शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. न दिसणाऱ्याला महाराज काय म्हणायचं, असं त्याला वाटे. म्हाताऱ्यानं हे हेरलं होतं आणि त्यावरून तो त्याला चिडवायचाही. आज मात्र चिडवलं नाही.

वर्षानं ताट वाढलं. महेशनं चतकोर भाकरी कशीबशी खाल्ली. "ओहोळ बिघडला तर ही खोली सोडायला लागंल," तो म्हणाला.

"खोलीचं जाऊ द्या," वर्षा म्हणाली, "म्हाताऱ्याच्या डोळ्यांत कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच महेश क्लोरीनचा कॅन आणि तारेचा ब्रश घेऊन टाकीवर चढला. टाकीतच ओततो आणि घासघासून काढतो, असा त्याचा बेत. तेवढ्यात खालून आवाज आला, "महेशभाऊ, एक थेंब टाकलात तर बघा!"

ती सुविधा. मांद्र्याची. आईवडलांच्या समुद्राकाठी पाहुण्यांच्या खोल्या आहेत आणि ही पोरगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत चिखलातले जिवाणू शोधत बसते. 'पाहुणे शिंपले नेतात, आमची मुलगी बाटल्यांतून चिखल आणते,' असं तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. गेल्या वर्षी तिनं गोकुळदासांच्या कुळागरातूनही चिखल नेला होता. पद्मावती मॅडमनी तिला पहाटेच फोन केला होता.

"टाकीत क्लोरीन ओतलंत तर घाण खाणारेही मरतील. मग पाणी कोण साफ करणार, तुम्ही?" सुविधा पद्मावती मॅडमना घेऊन वर आली, थराला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "सुट्टीत ह्यांना खायला काय दिलं होतं?"

"उपाशी ठिवलं न्हाई, ताई!" महेशची छाती जरा फुगलीच. "पोतंभर गूळ घालून गेलतो. घरचा! बिगर केमिकलचा!"

"पोतंभर? आणि युरिया?"

"युरिया न्हाई घातला. म्हटलं सणाचं..."

सुविधा जी हसायला लागली ती टाकीच्या पायरीवरच बसली. पद्मावती मॅडमनी कपाळाला हात लावला. महेश दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

सुविधानं डोळे पुसले. "अहो, नुसत्या साखरेवर त्यांची पिल्लावळ वाढत नाही. अंग वाढायला नायट्रोजन लागतो, तो युरियातून मिळतो. तो नाही आणि साखर तर उतू जातेय, मग ते त्या साखरेचा डिंक करतात. त्या डिंकानं एकमेकांना चिकटतात आणि सगळे मिळून तुमच्या शेवयांवर घर बांधतात. आता बघाच तुम्ही."

तिनं थराचा एक ठिपका काचेवर घेतला, रंग टाकला आणि सूक्ष्मदर्शक लॅपटॉपला जोडला. महेश वाकला. पडद्यावर निळ्या रंगात एक गावच उभं होतं. उंचवटे होते, खोल जागा होत्या आणि मधून पाणी वाहायला वाटा सोडलेल्या होत्या. एक मोठी वाट, तिला फुटलेल्या लहान वाटा, त्यांना आणखी लहान.

"हे पाट हायती," महेश पुटपुटला. "आबांच्या कुळागरातले. हे कुणी काढले?"

"त्यांनीच. आतल्यालाही अन्नपाणी पोचायला हवं ना."

"डोळं न्हाईत, हात न्हाईत, आन् पाट काढत्यात?" त्यानं पडद्यावरच्या एका वाटेवरून बोट फिरवलं. "मग ठरवतंय कोण? आज बांधायचं, उद्या बांधायचं, हे कोण सांगतंय?"

सुविधानं त्याच्याकडे निराळ्याच नजरेनं पाहिलं. हा प्रश्न तिच्या आवडीचा होता. "कुणीच सांगत नाही. ते आपसात बोलतात."

"बोलत्यात?"

"प्रत्येक जिवाणू पाण्यात एक बारीकसा पदार्थ सोडतो. तोच त्याचा शब्द. अर्थ एवढाच, की मी आहे. एकट्याचा शब्द पाण्यात विरून जातो. पण गर्दी वाढली की शब्द दाटतात. मग प्रत्येकाला कळतं, आपण पुष्कळ झालो. आणि सगळे एका वेळी कामाला लागतात."

महेश टाकीच्या काठावर जाऊन उभा राहिला. किती वर्षं तो इथं उभा राहिला होता! ह्यांना रागावला होता, ह्यांच्यासमोर गाणी म्हटली होती, बायकोशी भांडण झालं तर ह्यांना सांगितलं होतं. मुकी लेकरं म्हणून. आणि हे मुके नव्हतेच. ह्या तपकिरी पाण्यात प्रत्येक क्षणाला कोट्यवधी जण 'मी आहे, मी आहे' म्हणत होते, एकमेकांचं ऐकत होते, आणि त्याला त्यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्याला भीती वाटली आणि हात जोडावेसेही वाटले. त्यानं ते खिशात घातले.

मग मात्र तिघं कामाला भिडली. जुडगे एकेक करून बाहेर काढले, वेगळ्या पिंपात क्लोरीनच्या सौम्य पाण्यात भिजवले, हलक्या धारेनं धुतले. ब्रश सुविधानं कुंपणापलीकडे फेकून दिला. टाकीत युरिया मापानं गेला. जुडगे परत टांगले, पंप सुरू झाला आणि काटा खाली आला. नळाला धार लागली. महेशनं अशी आरोळी ठोकली की बाटल्या भरणाऱ्या बायका बाहेर आल्या.

दुपार कलली तसा काटा पुन्हा चढला. संध्याकाळी पुन्हा लाल पट्टीत. टाकीतला डिंक तर तसाच होता आणि बोलणंही थांबलं नव्हतं. धुतलेल्या नळ्यांवर त्यांनी नव्यानं घर धरलं होतं. पाणी काठाखाली वीतभर उरलं.

"हे आता असंच चालणार," पद्मावती मॅडम म्हणाल्या. "धुवायचं, तुंबायचं. शनिवार तर उद्यावर आला."

सुविधा गाडीकडे गेली आणि एक बरणी घेऊन आली. आत साबुदाण्याएवढे पिवळसर मणी. "हे मी अजून प्रयोगशाळेबाहेर वापरलेले नाहीत," ती म्हणाली. "ह्या मण्यांत दुसरे जिवाणू आहेत. ते कुणाला मारत नाहीत. ते फक्त तो शब्द खातात."

"शब्द खात्यात?"

"बाकीचे म्हणत राहतील, मी आहे. हे तो शब्द दाटूच देणार नाहीत. मग प्रत्येकाला वाटेल आपण थोडेच आहोत, आणि घर बांधायची घाई सुटेल. घाण खायचं काम मात्र चालूच राहील. होईल असं मला वाटतं. खात्री देत नाही."

शेवया पुन्हा धुतल्या. मणी टाकीत सोडले, ते बुडबुड्यांबरोबर वर-खाली फिरायला लागले. महेश घरी जाताना गोकुळदास दारातच बसलेले दिसले. त्यानं शब्द खाणाऱ्या मण्यांचं सांगितलं आणि मग गुळाच्या पोत्याचं. हे सांगायचं राहिलं होतं आणि तेच सगळ्यात जड होतं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "राखणदाराक रोट किती दितत, खबर आसा मरे तुका?"

"एक."

"एकच. रातभर शीम राखता तो, भूक लागता तेका. पण दोन दिले तर? जेवन निजतलो. मगे शीम कोण राखतलो, तुजो बापूस?"

महेशला त्या परिस्थितीतही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी तो उजाडताच काट्यासमोर जाऊन बसला. काटा खाली होता. दुपारी बघितलं, थोडा हलला होता. पद्मावती मॅडम जेवायला गेल्या नाहीत. चावी फिरवायला आलेला माणूस पान खात फाटकाशी थांबून होता. संध्याकाळ होत आली. कालच्या ह्या वेळेला पट्टी गाठलेला काटा आज अर्ध्या वाटेवरही आला नव्हता, आणि टाकीतलं पाणी काठापासून हळूहळू खाली चाललं होतं. ऊन उतरलं तरी काटा तिथंच. त्या माणसानं शेवटी विचारलं, "मॅडम, मी जाऊ काय?"

"जा बाबा," पद्मावती मॅडम म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं वळून उभ्या राहिल्या.

रविवारी सकाळी गोकुळदास धापा टाकत सडा चढून वर आले. हातात केळीच्या पानावर रोट आणि नारळ. आधी टाकीकडे नाही, थेट सूक्ष्मदर्शकाकडे गेले. सुविधानं एक मणी चिरून काचेवर ठेवला होता. म्हातारा पडद्यावर वाकला.

"हे ते? शब्द खातत ते?"

"हेच, आबा."

"खंयसून हाडलंस ह्यांका? मुंबयसून?"

"गेल्या वर्षी तुमच्याकडे चिखल मागायला आले होते, आठवतं? तुम्ही हसलात. तुमच्याच पोफळींखालचे, ओहोळाच्या काठचे आहेत हे."

गोकुळदासांनी सूक्ष्मदर्शकावरचा हात काढला. बापजाद्यांपासून ज्या काठावर रोट ठेवत आले, त्या काठचा चिखल. ते टाकीकडे गेले, बुडबुड्यांत फिरणाऱ्या मण्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आमचो राखणदार आजून कोणाक दिसाक नाय रे, कोल्लापुरा. माका दिसलो."

आणि त्यांनी रोट टाकीत टाकायला हात उचलला.

"आबा!" महेशनं झडप घालून मनगट धरलं. "आत न्हाई! पाया पडतो, आत काय बी टाकू नका. एकदा जेवू घालून बघितलंय म्या!"

म्हातारा दचकला, मग खो खो हसला. रोट त्यानं मोडला. अर्धा ओहोळासाठी पानात ठेवला, अर्धा टाकीच्या कठड्यावर. नारळ समोर ठेवून हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या ओहळाचो जो कोण राखणदार, जो दिसणा नाय, बोलता ता ऐकाक येणा नाय, पण रातदीस राखता... आमच्या लेकरान अजाणतेपणान जा काय चुकला, ता पोटात घाल, आणि ह्या पाणी आसा तसाच राख, रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला उत्तर लागतं. वाडीतलं कुणी वर आलं नव्हतं. पद्मावती मॅडम आणि सुविधा एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारा डोळे मिटून थांबला होता.

महेशनं आधी तो अर्धा रोट उचलून कठड्यापासून हातभर मागे सरकवला, कणसुद्धा आत पडू नये म्हणून. मग खिशातले हात काढले, जोडले, आणि इतकी वर्षं ज्यांना लेकरं म्हणत आला होता त्यांच्यासमोर मान लववली.

"व्हय म्हाराजा!" तो म्हणाला, इतक्या मोठ्यानं की खाली ओहोळावर कपडे धूत असलेल्या वर्षानं मान वर करून सड्याकडे पाहिलं.